हळद, प्लॅटिनम आणि ऊन

मागच्या वैशाखात घरच्या लग्नासाठी आत्या सांगलीजवळच्या हरिपूरहून बंगळूरला आली. हळदीच्या दिवशी कुणाचा तरी माखलेला हात तिच्या मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर पडला. मी साबण आणायला धावले, तर ती म्हणाली, "साबण नको गं लावू, लाल होईल. उन्हात टाक. जातो आपोआप." शेजारच्या कन्नड काकूंनी तिच्या सुरात सूर मिसळला : "बिसिलिगे हाकी." राजाजीनगरातल्या आमच्या गच्चीवर तो पदर दोन दुपारी ऊन खात पडला. तिसऱ्या दिवशी पाहिले तर डाग गेलेला. फक्त पदराची एक घडी खाली दुमडून राहिली होती, तेवढ्या पट्टीत हळद जशीच्या तशी होती. ऊन पोचले तिथवर मोतिया, पोचले नाही तिथे पिवळे, आणि मधली सीमा आखून काढल्यासारखी सरळ.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले. त्या सरळ रेषेकडे बघताना मला आमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर घडलेली एक कृती आठवली. राजाजीनगरातून निघून साबणाच्या सरकारी कारखान्याचा चंदनी वास घेत, मैसूर लॅम्प्सच्या बंद पडलेल्या कारखान्यावरून पुढे गेले की भारतीय विज्ञान संस्थेची झाडी लागते. तिथल्या प्रयोगशाळेत हळदीच्या याच उन्हाच्या भीतीला कुणीतरी कामाला लावले होते. त्या कृतीचे नाव प्लॅटिक्युर. ती एक रेणू आहे. रेणूचे रसग्रहण करता येते का, असे कुणी विचारले तर मी म्हणेन की रसायन या शब्दात रस आधीपासून आहे, आपण तो चाखायचे विसरलो आहोत. चांगल्या कवितेत एकही शब्द हलवता येत नाही असे आपण म्हणतो. चांगल्या रेणूत अणूचेही तसेच असते.

संहिता छोटी आहे. 2015 साली 'आंगेवांटे केमी' या नामांकित जर्मन नियतकालिकात चार-पाच पानांचा शोधनिबंध आला. लेखक चार : कौशांबी मित्रा, सृष्टी गौतम, पातुरू कोंडय्या आणि अखिल चक्रवर्ती. यातले चक्रवर्ती धातूंच्या संयुगांचे रसायनतज्ज्ञ. तांबे, लोह, कोबाल्ट, व्हॅनेडियम अशा एकेका धातूला सेंद्रिय रेणूंची साथ द्यायची आणि त्यावर उजेड पडला की कर्करोगाच्या पेशींचे काय होते ते पाहायचे, या एकाच ध्यासात त्यांच्या चमूने कित्येक वर्षे घालवली. प्लॅटिक्युर त्या दीर्घ रियाजातली एक बंदिश आहे.

आधी नाव वाचू. प्लॅटिनम आणि कर्क्युमिन यांची संधी करून 'प्लॅटिक्युर' झाले. कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारा पदार्थ. इंग्रजी कानाला त्या नावात 'क्युअर', म्हणजे रोग बरा होणे, हेही ऐकू येते. हा श्लेष गोड आहे, पण तो रेणूच्या कर्तृत्वाच्या बराच पुढे धावतो. त्याकडे शेवटी परत येईन.

आता अन्वय लावू. मध्यभागी प्लॅटिनमचा एक अणू. त्याला चार हात, चारही एकाच पातळीत, चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे पसरलेले. शेजारशेजारच्या दोन हातांत अमोनियाचे दोन रेणू. उरलेल्या दोन हातांत कर्क्युमिनचे दोन ऑक्सिजन. विद्युतभाराचा तोल राखायला बाहेर एक नायट्रेट. एवढेच. पण रसायनाच्या विद्यार्थ्याला हा चौकोन दिसताक्षणी एक जुनी रचना आठवते, आणि तिच्याशिवाय ही नवी रचना उलगडत नाही. ती म्हणजे सिसप्लॅटिन.

सिसप्लॅटिनमध्येही हाच चौकोन आहे. मध्ये प्लॅटिनम, एका बाजूला अमोनियाची हीच जोडी. फरक फक्त दुसऱ्या बाजूला : तिथे क्लोरिनचे दोन अणू बसलेले असतात. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात इटलीच्या मिकेले पेरोने यांनी बनवला आणि मग शतकभर तो कुणाच्या रोगाच्या कामी आला नाही. 1965 च्या सुमारास अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठातले बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते लांबच लांब धाग्यांसारखे वाढत राहिले. शोधता शोधता कळले की करामत विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून झिरपलेल्या संयुगाने ती केली होती. विभाजन थांबवणारे द्रव्य हाती लागल्यावर, बेसुमार विभाजनाच्या रोगावर ते चालेल का, हा पुढचा प्रश्न साहजिक होता. 1978 मध्ये सिसप्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली, आणि वृषणाच्या कर्करोगासारखा एकेकाळचा जीवघेणा रोग बहुतेकांसाठी बरा होणारा झाला.

त्याचे काम कसे चालते हे पाहण्यासारखे आहे. रक्तात मीठ भरपूर, म्हणून क्लोरिनचे अणू आपल्या जागेवर टिकून राहतात. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे ते जागा सोडतात, त्यांच्या जागी पाणी येते, आणि मोकळे झालेले प्लॅटिनम डीएनएच्या ग्वानिन या घटकाला घट्ट धरते. सरळ जाणारी शिडी तिथे वाकते. वाकलेल्या शिडीची नक्कल पेशीला करता येत नाही, ती मरते. रचना सुंदर आहे. पण पेशीच्या आत गेले की सुटायचे, एवढाच तिचा नियम. ती पेशी कोणाची, हा प्रश्न ती विचारत नाही. मूत्रपिंडाच्या पेशी, मज्जातंतू, कानातल्या नाजूक केसपेशी, सगळ्यांशी ती त्याच भाषेत बोलते.

हे मी पुस्तकातून शिकवत होते. मग ते घरात आले. बारा वर्षांपूर्वी आत्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. किरणोपचाराच्या जोडीने दर आठवड्याला सिसप्लॅटिनची सलाइन लागे. मूत्रपिंडे सांभाळायला बाटल्यांवर बाटल्या पाणी. उलट्या. बोटांच्या टोकांना मुंग्या, त्या आजही गेलेल्या नाहीत. गजरा ओवताना सुई तिला बोटात जाणवत नाही. डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची वस्तीला आली. आत्या वाचली ती याच औषधाने, म्हणून मी त्याला नमस्कारच करते. पण जे औषध तिच्या रोगाशी बोलले तेच तिच्या बोटांशी आणि कानाशीही बोलले. तेव्हापासून माझ्या मनात एक अपेक्षा राहिली : औषधाला गप्प बसता यायला हवे.

प्लॅटिक्युरच्या कर्त्यांनी बदल केला तो नेमका त्या गप्प बसण्याच्या जागी. कडवे तेच ठेवले, शेवटचे दोन शब्द बदलले. क्लोरिनच्या दोन अणूंऐवजी एकच लांब रेणू आणून दोन्ही हातांत दिला.

कर्क्युमिनचा रेणू मला नेहमी कावडीसारखा दिसतो. दोन टोकांना दोन कडी, त्यांना जोडणारी लांब दांडी आणि मध्ये, खांद्याच्या जागी, शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन. दांडीवर एकाआड एक दुहेरी बंध आहेत, त्यामुळे तिच्यातले इलेक्ट्रॉन एका कड्यापासून दुसऱ्यापर्यंत सहज सरकतात. अशी लांब, मोकळी दांडी निळा-जांभळा उजेड गिळते, आणि उरलेला उजेड आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. नवरीच्या अंगावरचा, देवीच्या भंडाऱ्यातला, वरणातला पिवळा तो हाच. खांद्यावरच्या दोन ऑक्सिजनांनी धातूला चिमट्यात धरता येते. प्लॅटिनमच्या मोकळ्या दोन हातांत तो चिमटा चपखल बसतो.

आता या कावडीचे दोष पाहा, कारण कलाकृतीचे मर्म त्यांत आहे. औषध म्हणून कर्क्युमिन फार दुबळे. शरीरातल्यासारख्या, किंचित अल्कधर्मी कोमट पाण्यात त्यातले बहुतेक अर्ध्या तासात मोडून जाते. अल्क वाढला तर ते रंग बदलते. साबणाने डाग लाल होतो तो त्यामुळेच, आणि हळदीला चुना लागला की लाली चढते तीही त्यामुळेच. आणि तिसरा दोष, उजेडात ते टिकत नाही. उजेड गिळून चेकाळलेला रेणू स्वतःच मोडतो. आत्याला हे ठाऊक होते, शेजारच्या काकूंना ठाऊक होते, आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. आत्याच्या हरिपूरला तर हळदीचे पेव असते. जमिनीत खोल खणलेल्या, तोंड लिंपून बंद केलेल्या त्या कोठारात ना ऊन शिरते ना ताजी हवा, आणि तिथली हळद वर्षानुवर्षे रंग धरून राहते. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवे गेली, पण त्यांच्यामागचे ज्ञान पक्के आहे : हळदीला उजेडापासून आणि हवेपासून जपावे.

सामान्य कारागीर दोष झाकतो. या चौघांनी निवड केली. प्लॅटिनमच्या मिठीत कर्क्युमिन आले की पाण्यात मोडण्याचा त्याचा दोष कमी होतो, ही गोष्ट त्यांनी मोजून दाखवली. उजेडाचा दोष मात्र त्यांनी तसाच राहू दिला, किंबहुना सगळी रचना त्याच्यावर उभी केली. एक दोष झाकणे आणि दुसऱ्याला गुण म्हणून पुढे आणणे यात जी नजर लागते, ती मला या कृतीतली सर्वांत उंच जागा वाटते. प्लॅटिनमने हळदीला पाण्यापासून जपले आणि हळदीने प्लॅटिनमला त्याच्या स्वतःच्या उतावीळपणापासून. क्लोरिनसारखे सहज सुटून जाणारे कुणी आता त्याच्या हातात नाही. दोघे एकमेकांना धरून बसले आहेत, जणू पेवात.

मग पेवाचे तोंड उघडते. पेशींवर साधा दृश्य उजेड पडतो, 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसतो तोच. कर्क्युमिन तो गिळते, चिमटा सुटतो. आता एका उजेडातून दोन अर्थ निघतात. मोकळे झालेले प्लॅटिनम सिसप्लॅटिनचे जुने काम करायला निघते आणि डीएनएला धरते. मोकळे झालेले कर्क्युमिनही रिकामे बसत नाही, उजेडात त्याच्यामुळे हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक मूलक तयार होतात आणि ते पेशीला आतून कुरतडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हळदीची स्वतःची चमक पेशीद्रवात पसरलेली दिसते, केंद्रकाबाहेर. म्हणजे दोघांनी कामे वाटून घेतली आहेत : प्लॅटिनम डीएनएपाशी, हळद बाहेरच्या अंगणात. श्लेष अलंकारात एकाच शब्दातून दोन अर्थ फुटतात आणि दोन्ही वाक्याला पुढे नेतात. इथे तो शब्द उजेड आहे.

प्लॅटिनमने खरोखर डीएनए धरला का, हे त्यांनी कसे वाचले, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. एक चाचणी आहे. एकेक पेशी जेलीत बसवायची, तिचे कवच विरघळवायचे आणि वीज सोडायची. डीएनए तुटला असेल तर त्याचे तुकडे विजेच्या ओढीने पसरतात आणि पेशीमागे चमकती शेपटी तयार होते, आपण ज्याला शेंडेनक्षत्र म्हणतो अगदी तशी. पण प्लॅटिनमने डीएनएच्या धाग्यांना टाका घातला असेल तर ते बांधलेले धागे सहज सरकत नाहीत. त्या सूक्ष्म शेपट्यांवरून आणि पेशीतल्या प्लॅटिनमच्या मोजणीवरून टाका पडला असल्याचा निष्कर्ष निघतो.

आता या कृतीचे ध्रुवपद. ते दोन आकड्यांत आहे. निम्म्या पेशी मारायला किती मात्रा लागते, हे या शास्त्रात विषाचे माप. उजेडात कर्करोगाच्या पेशींसाठी हे माप सुमारे 15 मायक्रोमोलर आले. अंधारात 200 मायक्रोमोलरपर्यंत जाऊनही निम्म्या पेशी मेल्या नाहीत. घाईचा वाचक 15 या आकड्यावर थांबेल, कारण मारण्याची बातमी त्यात आहे. मी 200 वर थांबते. मारणारी द्रव्ये जगात पुष्कळ आहेत, सिसप्लॅटिन कधीपासून मारतेच आहे. पेशीच्या आत, डीएनएच्या इतक्या जवळ, हातात सगळे सामर्थ्य असताना न बोलणे, हे नवे आहे. क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात पाहिला : योग्य ते, योग्य जागी. अलंकार कितीही मोलाचा असो, पायातला गळ्यात घातला की हसू होते. विषाचेही तसेच. त्याची सगळी किंमत जागेत आणि वेळेत आहे. 200 हा आकडा त्या औचित्याचे माप आहे.

ही कृती परंपरेतून आली आहे, आणि परंपरेशी ताडून पाहिली की तिचे वेगळेपण उठून दिसते. 1900 च्या आसपास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी पॅरामिशियम या एकपेशीय जीवांवर ॲक्रिडिन या रंगद्रव्याचा परिणाम तपासत होता. त्याच मात्रेत एकदा जीव लवकर मरत, एकदा उशिरा. गोंधळाचे मूळ सापडले ते वादळामुळे : उजेडाचे मान बदलले की मरणाचा वेळ बदलत होता. त्याचे गुरू हर्मान फॉन टापायनर यांनी या परिणामाला 'फोटोडायनॅमिक' हे नाव दिले, आणि त्याला ऑक्सिजन लागतो हेही दाखवून दिले. 1912 मध्ये फ्रिडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने रक्तातल्या लाल रंगाच्या कुळातले हिमॅटोपोर्फिरिन, 200 मिलिग्रॅम, स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले आणि उन्हात गेला. त्याचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला, आणि त्वचेची ती उन्हाची भीती पुढे महिनोन्‌महिने गेली नाही. अमेरिकेत बफेलो इथल्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉहर्टी यांनी याच कुळातले द्रव्य रोग्यांना देऊन गाठींवर लाल उजेड टाकला. 1978 मध्ये त्यांनी 113 गाठींचा हिशेब मांडला, त्यातल्या 111 पूर्ण किंवा अंशतः विरल्या होत्या. त्या द्रव्याचे औषध झाले, फोटोफ्रिन. 1993 मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी त्याला पहिली परवानगी दिली.

या परंपरेचा व्याकरणनियम असा : रंगद्रव्य, उजेड आणि ऑक्सिजन, तिन्ही एका जागी आले तरच घात. रंगद्रव्य उजेड गिळते, ती ऊर्जा ऑक्सिजनला देते, आणि तो चेकाळलेला ऑक्सिजन पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही न जाता, जिथे जन्मला तिथेच जाळून संपतो. नियम सुंदर आहे. पण त्यात दोन अडचणी. गाठीच्या गाभ्यात रक्तपुरवठा तोकडा आणि ऑक्सिजन कमी, म्हणजे जिथे घाव हवा तिथेच बळ अपुरे. दुसरी मायर-बेट्झने अंगावर घेतली ती : द्रव्य त्वचेत रेंगाळते. फोटोफ्रिन घेतलेल्या माणसाला निदान महिनाभर ऊन टाळावे लागते. रोग्यालाच पेवात राहावे लागते. प्लॅटिक्युर पहिल्या अडचणीला वेगळी वाट देते. उजेड तिथे चिमटा सोडतो, आणि सुटलेल्या प्लॅटिनमला डीएनए धरायला ऑक्सिजनची गरज नसते. जुन्या घराण्याची गायकी राखून त्यात एक नवी जागा घ्यावी, तसे हे आहे.

उजेडाचे आणखी एक काम या परंपरेत आहे आणि ते मारण्याच्या आधीचे आहे : दाखवणे. या बाबतीत मला मोहवणारी रचना दुसरी आहे, तिचे नाव अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. हे द्रव्य स्वतः रंगीतही नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत रक्तातला हीम बनवण्याची साखळी असते, त्या साखळीतला हा सुरुवातीचा कच्चा माल. तो जास्त पुरवला की अनेक गाठींच्या पेशी साखळीच्या शेवटच्या पायरीआधी अडखळतात आणि पोर्फिरिन साठवून बसतात. त्यावर निळा-जांभळा उजेड टाकला की पेशी लालसर गुलाबी चमकतात. म्हणजे आपण फक्त कोरा कागद देतो, गाठ आपल्या हाताने आपले नाव लिहिते. मेंदूतल्या आक्रमक गाठी काढताना शल्यविशारदाला निरोगी भाग कुठे संपतो ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. जर्मनीत वाल्टर श्टुमर यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ही चमक पाहत केलेल्या शस्त्रक्रियांत 65 टक्के रोग्यांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, नेहमीच्या उजेडात 36 टक्क्यांची. विज्ञान संस्थेतल्या चक्रवर्तींच्या गटानेही पुढे स्वतः झळकणारी बोडिपी नावाची रंगद्रव्ये प्लॅटिनमला जोडली, म्हणजे एकाच रेणूने आपण कुठे आहोत ते सांगावे आणि उजेड पडल्यावर कामही करावे.

दाखवणे आणि मारणे एका हातात आल्यावर काय होऊ शकते, याचा आपल्याकडचा दाखला अलीगढचा आहे, आणि तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखाला तो फार जवळचा वाटावा. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात गालाच्या आतल्या अस्तराचा, अगदी सुरुवातीच्या पायरीवरचा कर्करोग असलेल्या 30 जणांना हेच आम्ल तोंडावाटे दिले. गाठीची चमक मोबाइल फोनला जोडलेल्या साधनाने पाहिली, आणि स्वस्त एलईडीचा लाल उजेड तंतूतून गालात सोडला. भूल नाही, गुंगीचे औषध नाही. 22 जणांत मागे रोग सापडला नाही. जिथे अपयश आले तिथे गाठ मोठी होती किंवा उजेड पुरेसा पोचला नव्हता, असे त्या डॉक्टरांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्वच्छ लिहिले आहे.

'उजेड पुरेसा पोचला नव्हता.' इथे मला प्लॅटिक्युरकडे, आणि तिच्या नावाकडे, परत यायला हवे. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. लहानपणी आपण सगळ्यांनी रात्री बॅटरीवर तळहात धरला आहे. बोटे लाल दिसतात, कारण मांसातून आरपार येतो तो लालच उजेड. निळा वाटेतच संपतो, कातडीत मिलिमीटरभरही धड उतरत नाही. आणि कर्क्युमिनची भूक तर निळ्याची! म्हणजे ज्या किल्लीने हे कुलूप उघडते ती किल्ली शरीरात खोल जाऊ शकत नाही. शिवाय हे सगळे घडले ते काचेच्या बशीतल्या पेशींत. बशीत मूत्रपिंड नसते, रक्त नसते, माणूस नसतो. 'क्युर' या अक्षरांनी जे वचन दिले आहे ते पाळायला अजून लांबचा रस्ता आहे. आणि कुणी यातून हळद खाऊन कर्करोग जातो असा अर्थ काढू नये. खाल्लेली हळद रक्तात जेमतेम पोचते, तिला प्लॅटिनमची मिठी नसते आणि आतड्यात ऊन पडत नाही. आत्याच्या उपचारांच्या काळात हळदीच्या गोळ्या घेऊन घरी आलेले हितचिंतक मला आठवतात. त्यांच्या मायेला मी नाव ठेवत नाही, पण त्यांच्यावर विश्वासून तिने सलाइन सोडले असते तर हा लेख लिहिण्याचे बळ माझ्यात उरले नसते.

ही उणीव मान्य करूनही कृती माझ्या मनात उंचच राहते, कारण तिने उणीव आपल्या पोटात लपवलेली नाही. ती अपूर्ण आहे आणि तिचे अपूर्ण असणे हीच तिची रीत आहे. आपल्या काव्यशास्त्राने सहृदयाला फार मोठी जागा दिली. कवी लिहून थांबतो, रस निष्पन्न होतो तो वाचणाऱ्याच्या हृदयात. सिसप्लॅटिन ही स्वतःच पूर्ण झालेली ओळ आहे, ती कुणाची वाट पाहत नाही. प्लॅटिक्युरची शेवटची ओळ कोरी आहे. ती लिहायची आहे दिवा धरणाऱ्या हाताने. कुठे, किती वेळ, कोणत्या रंगाचा उजेड, हे त्या माणसाने ठरवायचे. औषधातून माणसाचा निर्णय काढून न टाकता तो शेवटपर्यंत राखून ठेवणारी रचना मला फार सभ्य वाटते.

लग्नघर रिकामे झाल्यावर एका दुपारी गच्चीवर मी हे सगळे आत्याला सांगितले, उजव्या कानाशी बसून, जरा मोठ्या आवाजात. कावडीचा रेणू तिला आवडला. अंधारात गप्प बसणारे औषध म्हटल्यावर ती मुंग्या येणाऱ्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "कधी येणार गं ते?"

"माहीत नाही, आत्या. अजून पेशींतच आहे. माणसापर्यंत यायला त्याला पुष्कळ चालायचं आहे, आणि वाटेत ते बदलेलही."

तिने मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, दोरीपाशी गेली आणि पदराची ती दुमडलेली घडी उलटी करून उन्हाकडे धरली.